लोखंडेचा गंज

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की माझं डोकं फिरतं, आणि मग समोरचा हसला तर त्याची धडगत नसते. आजवर हा किस्सा मी बऱ्याच वेळा सुरू केलाय, पण दरवेळी मधेच कॉम्प्युटरला शिव्या घालण्यात अर्धा तास जातो आणि शेवट राहून जातो. आज शेवटापर्यंत जायचं ठरवलंय. चहा ओता, आणि मधे कुणी 'अगं पण कॉम्प्युटरमध्ये वाईट काय' असं विचारू नका.

माझं नाव करुणा. बुद्धवंदना घेऊन, पाच माणसांसमोर ठेवलेलं नाव. पण नावासारखी वागते असं आजवर एकाही माणसाने मला म्हटलेलं नाही.

आमचे पप्पा अंबरनाथला फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. बनून आलेला भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे घरीही त्यांना जास्त बोलायची सवय नाही. आईची आमटी पास. दादाची हेअरस्टाइल रिजेक्ट. माझा राग कायमचा रिजेक्ट.

मला स्कॉलरशिप मिळाली आणि मी इंग्लंडला शिकायला गेले. कॉलनीत सगळ्यांना वाटलं, इंजिनिअरिंग. प्रत्यक्षात मी शिकत होते सिनेमासाठी खोटे प्राणी, खोटे राक्षस आणि रोबो बनवायला. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर नाही, हाताने. लोखंड कापून, रबर ओतून, तारा ओढून. पप्पांनी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, "मशीनचंच काहीतरी आहे." ते खोटंही नव्हतं.

तिथे आमचे एक म्हातारे सर होते. ते म्हणायचे, खऱ्या वस्तूला वजन असतं, मळ असतो आणि कुठेतरी एक चूक असते. कॉम्प्युटरला चूक जमत नाही, म्हणून त्याने काढलेला रोबो कधी खरा वाटत नाही. हे वाक्य मी गिळलं. नुसतं गिळलं नाही, तेच घेऊन परत आले, आणि येताना ठरवून आले की अंबरनाथला आपण खऱ्या रोबोंचं वर्कशॉप काढायचं. त्या काळात बघा, जो उठतो तो कॉम्प्युटर. हिरो उडतोय कॉम्प्युटरमध्ये, वाघ धावतोय कॉम्प्युटरमध्ये, एका सिनेमात तर साधं कबुतर कॉम्प्युटरचं. अरे, कबुतर! आमच्या गॅलरीत या, फुकट नेता येतील तेवढी न्या.

मी शेअर रिक्षात भांडायचे. चौथ्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी बाहेर लटकत, मागच्या तिघांकडे वळून मी सांगायचे की तुम्ही काल बघितलेल्या पिक्चरमधला रोबो खोटा कसा होता. ड्रायव्हर म्हणायचा, "ताई, आत सरका, खांब येतोय."

तर अशात मला परमूदादा भेटले.

परमूदादा म्हणजे उल्हासनगरचे जीन्सवाले. कॅम्प पाचमध्ये त्यांचा शिलाईचा कारखाना. माणूस साठीचा, गोल, आणि लहानपणापासून मनात एकच इच्छा, की आयुष्यात एक पिक्चर काढायचा. पिक्चर मुलांचा. गोष्ट अशी, की भंगारात फेकून दिलेला एक जुना रोबो एका मुलीला सापडतो आणि ती त्याला शाळेत घेऊन जाते. गोष्ट त्यांनी स्वतःच लिहिली होती आणि सांगताना स्वतःच रडले.

"मॅडम, रोबो तो आजकल कॉम्प्युटर में बनता है ना?" त्यांनी विचारलं.

एवढंच विचारलं हो त्यांनी. सिंधी घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात. तो पापड माझ्यासमोर आला तेव्हा कुरकुरीत होता. माझं बोलणं संपलं तेव्हा तो वातड झाला होता.

परमूदादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक है साईं. बनाओ. एकच सीन आधी करू. रोबो भंगारातून उठतो आणि हात वर करतो. माझ्या पार्टनरला दाखवू. त्याला पटलं तर पूर्ण पिक्चर, आणि पूर्ण पिक्चरमध्ये सहा रोबो लागतील. सहाच्या सहा तुमच्याकडून."

सहा रोबो! म्हणजे माझं वर्कशॉप उभं राहणार. घरी येऊन मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि पार्टनरला नाही पटलं तर?"

"तर तुम्ही म्हणता ती बँकेची परीक्षा देते. परत रोबोचं नाव काढणार नाही."

"पास," पप्पा म्हणाले.

आता बनवायचा कुठे? पप्पांचे जुने मित्र राणेकाका, त्यांची एमआयडीसीत शेड आहे. केमिकल कंपन्यांच्या टाक्या बनवतात. माणूस कोकणातला, आवाज टाकीत बसून बोलल्यासारखा. त्यांनी शेडचा एक कोपरा दिला आणि रिकाम्या वेळात त्यांची माणसंही दिली. भंगारातले पत्रे आणले, गाड्यांच्या वायपरच्या मोटरी आणल्या, सायकलच्या ब्रेकच्या तारा, स्कूटरचे दोन हेडलाइट डोळ्यांना. उभा राहिला तेव्हा माणसापेक्षा हातभर उंच, आणि हलवायला चार जण लागायचे. आम्ही त्याचं नाव ठेवलं लोखंडे. पप्पांच्या खात्यात एक लोखंडे होते, ते असेच खांदे पाडून उभे राहायचे.

पण लोखंडेची खरी शोभा म्हणजे त्याचा गंज. गोष्टीत तो भंगारात पडलेला आहे ना? मग त्याच्या अंगावर वर्षानुवर्षांचा गंज पाहिजे. तो मी मीठ, लिंबू आणि पाण्याने चढवला. रोज थोडा. काखेत जास्त, कारण तिथे पाणी साचतं. गुडघ्यावर कमी, कारण तिथे घासलं जातं. कानाजवळ एक पोचा पाडला, माझ्या अंगठ्याएवढा. आणि मानेच्या चाकाचा एक दात कानसीने घासून टाकला, म्हणजे मान वळताना मधेच एकदा अडखळायची. ही माझी चूक. मुद्दाम ठेवलेली, सरांच्या नावाने.

राणेकाका कंबरेवर हात ठेवून बघत राहायचे. "अगो बाय, लोक गंज काढायला माणसं लावतात, आणि तू लावत बसलीस?"

"काका, हाच तर जीव आहे त्याचा."

"असेल बाय. पण गिऱ्हाईक शेडमध्ये येतं गो. त्याला वाटतं आमच्या टाक्या पण अशाच."

मी हसले. तिथेच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

मग एक दिवस शेडमध्ये आले तर लोखंडेच्या काखेत एक माणूस डोकं घालून उभा. हातात डिजिटल कॅमेरा. काखेचा फोटो, गुडघ्याचा फोटो, कानाजवळच्या पोच्याचे चारी बाजूंनी फोटो. मानेचा तर व्हिडिओ घेत होता, अडखळते तो भाग पुन्हा पुन्हा.

"कोण तुम्ही?"

"मी निलेश, ताई. बदलापूरला कॉम्प्युटर क्लास आहे माझा. लग्नाच्या सीड्या पण करतो." लग्नाच्या सीड्या म्हणजे, गुलाबाच्या पाकळ्या उडतात आणि त्यातून नवरा-नवरी गोल फिरत बाहेर येतात, ते करणारा. "परमूदादांनी सांगितलंय, हाच रोबो कॉम्प्युटरमध्ये करून दे. बघू म्हणाले दोन्ही."

आता यात परमूदादांचं काय चुकलं? काहीच नाही. जीन्सचा धंदा करणारा माणूस, नवीन डिझाइन आलं की दोन कारागिरांकडून सॅम्पल शिवून घेतो आणि शेजारी शेजारी ठेवून बघतो. त्यांची पद्धतच ती. पण मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माझ्या पाठीमागे माझ्या लोखंडेचा मुडदा पाडायला माणूस आणलाय. मी तिथल्या तिथे परमूदादांना फोन लावला.

"दादा, तुम्हाला खरं आणि खोटं यातला फरक कळतो का?"

"मॅडम, मी उल्हासनगरमध्ये चाळीस वर्षं कपडा विकतोय," ते शांतपणे म्हणाले.

"मग मला शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही. तुमचं शूटिंग तुम्ही करा. राणेकाकांच्या माणसांना सगळ्या तारा ओढायला शिकवल्यात मी. शेवटी पडद्यावर कळेलच, कोण खरं ते."

"बेटा, ऐक तर..."

मी फोन ठेवला. निलेश अजून उभाच होता. "ताई, हा मानेचा झटका खूप छान आहे," तो म्हणाला. मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानंतर मी कुणाचाही फोन उचलला नाही. परमूदादांचा नाही, राणेकाकांचा नाही. मोबाईल वाजला की नाव बघायचे आणि उशीखाली ठेवायचे. रागाला सुद्धा शिस्त लागते. बदलापूरहून बातम्या यायच्या, की निलेशचा कॉम्प्युटर एकेक चित्र काढायला तासन् तास घेतो आणि चित्र पूर्ण होत आलं की लोडशेडिंग सुरू होतं. ते ऐकून मला जेवण गोड लागायचं. माझ्या लोखंडेला कुठे लाइट लागते? एक स्कूटरची बॅटरी लावा, झालं.

याच मधल्या काळात दसरा आला.

आता हे नीट ऐका, कारण सगळी वाट इथे लागली आणि मला पत्ताही नव्हता. आमच्या घरी त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे, सकाळी विहारात वंदना, दुपारी भोजनदान, संध्याकाळी कार्यक्रम. मी दिवसभर वाढायला होते. आणि एमआयडीसीत त्या दिवशी काय असतं? प्रत्येक शेडमध्ये यंत्रांची पूजा असते. आठवडाभर आधीपासून माणसं मशीन घासतात, पुसतात, तेल-ग्रीस करतात, आणि रंगवतात. लेथ रंगवतात, प्रेस रंगवतात, वजनकाटा रंगवतात. मग झेंडूचे हार, हळद-कुंकू, पेढे. लहानपणापासून दरवर्षी पप्पा हे पेढे घरी आणायचे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी इंग्लंडला जाऊन सगळं शिकून आले, पण हे तेवढं विसरून आले.

संध्याकाळी राणेकाका आपट्याची पानं द्यायला घरी आले. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. भिंतीतून त्यांचा टाकीतला आवाज ऐकू येत होता. "पोरीला सांगा, लोखंडेचं सगळं साग्रसंगीत केलंय. शूटिंगच्या आधी येऊन बघायला सांगा. खूश होईल."

मी आतून ओरडले, "मी पडद्यावरच बघणार आहे, काका."

"बरं बाय," काका म्हणाले. "मग थेट पडद्यावरच बघ."

दिवाळीनंतर परमूदादांचा निरोप आला. शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, रीळ दाखवणार. पार्टनर येणार. त्याच दिवशी निर्णय. मी पप्पांना म्हटलं, चला. माझा विजय बघायला घरचं कुणीतरी पाहिजे ना.

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर कटिंगची टेबलं बाजूला सरकवलेली. खिशाचं पांढरं कापड भिंतीला ताणून पडदा केलेला, आणि भरदुपारचा उजेड अडवायला खिडक्यांत डेनिमचे तागे उभे केलेले. राणेकाका त्यांच्या माणसांसकट आलेले, सगळे इस्त्रीच्या शर्टात. निलेश मागे भिंतीला टेकून. आणि पुढच्या खुर्चीत पार्टनर, पांढरा सफारी, हातात पापड. पिक्चरमध्ये पैसा यांचाही होता, त्यामुळे शेवटचा शब्द यांचा.

परमूदादा म्हणाले, "एकच सीन दोनदा दिसेल. एक नंबर आणि दोन नंबर. कोणता हातचा, कोणता कॉम्प्युटरचा, मी आता सांगत नाही. आधी बघा."

पंख्याच्या घरघरीत एक नंबर सुरू झाला.

भंगाराचा ढीग. त्यातून एक रोबो उठतो. आणि काय सांगू, तो चमकत होता हो. चकचकीत चंदेरी, नव्या कपाटासारखा. छातीवर आकाश दिसत होतं. उठताना एक आवाज नाही, एक झटका नाही, लोण्यातून सुरी जावी तसा उठला. दोन पावलं पुढे आला, तर पाय उचललेच नाहीत, नुसता घसरत आला. मान वळवली ती देखील सरळ, गुळगुळीत. हात वर केला. संपलं.

मला हसू आवरेना. हा म्हणे कॉम्प्युटर. हा म्हणे निलेश.

मग दोन नंबर. तोच ढीग. त्यातून लोखंडे उठला. माझा लोखंडे. काखेतला गंज, गुडघ्यावरची घासलेली जागा, कानाजवळचा माझ्या अंगठ्याचा पोचा. जड खांदे. आणि मान वळली, तेव्हा मधेच अडखळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू.

दिवे लागले. पार्टनर पापड मोडत म्हणाले, "मेरे को तो पहला वाला अच्छा लगा. एक नंबर."

झालं. मी उठले.

"साहेब, तुम्हाला एक नंबर आवडला? परत लावा. दादा, परत लावा तो. आणि मी सांगते तिथे थांबवा."

"मॅडम, बैठो ना..." परमूदादा.

"थांबवा तिथे. हे बघा, पाय बघा. जमिनीला लागलेत का? हा चालतोय की बर्फावरून घसरतोय? याला वजनच नाही. असेल कसं? वीज आहे नुसती. पुढे. आता ही कांती बघा. भंगारात दहा वर्षं पडलेला रोबो असा असतो? हा तर शोरूममधून आलाय. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

राणेकाका उठायला लागले. "अगो बाय, ते आमी..."

"काका, तुम्ही बसा. तुमची मेहनत मातीत घालतायत आणि तुम्ही त्यांचीच बाजू घेताय? बसा तुम्ही."

काका बसले. त्यांच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

"आणि हे," मी पडद्याजवळ गेले, रोबोच्या छातीवर बोट ठेवलं. "हा लाल डाग दिसतो का तुम्हाला? पुसट? आणि त्याच्या कडेला पिवळं? हे काय आहे? कॉम्प्युटरचा रंग सांडलाय. साधा रंग भरता येत नाही आणि रोबो करायला निघाले."

मागून निलेश म्हणाला, "ताई, एक मिनिट, तो एक नंबर..."

"तू तर बोलूच नकोस. पाकळ्या उडव जा."

पप्पांनी माझी ओढणी हळूच ओढली. "बाळा, त्या डागाकडे जरा नीट बघ."

"पप्पा, नीटच बघतेय. आता दोन नंबर लावा. हां. थांबवा. साहेब, हे बघा. याला म्हणतात गंज. हा गंज कॉम्प्युटरला सुचणार आहे का? काखेत जास्त आणि गुडघ्यावर कमी? हा पोचा बघा, यात माणसाचा अंगठा आहे. आणि मान. पुढे घ्या. अडखळली, बघितलंत? ही चूक आहे. खऱ्या वस्तूत एक तरी चूक असते. ही चूक बघून माझ्यासारखीच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि तो एक नंबर बघून? तो बघून मुलांना सुद्धा झोप येईल. तो पिक्चरमध्ये गेला तर तुमचं नाव जाईल, साहेब."

पार्टनरचा पापड हातातच राहिला होता. ते पडद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पडद्याकडे.

"परमू," ते हळू आवाजात म्हणाले, "लड़की सही बोल रही है. अब मेरे को भी पहला नकली दिख रहा है. निकालो उसको. दो नंबर फाइनल. पूरी पिक्चर उसी से बनाओ."

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा छताकडे बघत होते.

परमूदादांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "बेटा," ते म्हणाले, "एक नंबर तुझा होता."

पंखा फिरत होता.

"म्हणजे?"

"म्हणजे तो लोखंडे होता. दोन नंबर निलेशने बनवला. कॉम्प्युटरमध्ये."

मी राणेकाकांकडे वळले. "काका, माझा गंज कुठे गेला?"

"दसऱ्याला रंगवला ना गो सगळ्यांबरोबर," काका म्हणाले. "घासून काढला, पोचा भरला, दोन हात चंदेरी मारले. बाकीची मशीनं नवी आणि त्यालाच कसा तसा ठेवू? तो काय सावत्र आहे? सांध्यांना ग्रीस भरलं. मानेचं चाक बदललं, एक दात झिजला होता. खाली चाकं बसवली, हलवायला चार जण लागायचे म्हणून. आणि पूजा केली. तो डाग हळद-कुंकवाचा आहे बाय, पुसला, तरी थोडा राहिला."

त्यांच्या माणसांपैकी एक जण म्हणाला, "तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं, मॅडम."

मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजून घ्या. ज्या हातांनी तो घासला होता, ते हात इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्यांमधून माझ्याकडे बघत होते. त्यांच्यावर ओरडायचं तरी कसं? मग मी निलेशवर ओरडले.

"आणि तू? तुला कुणी सांगितलं मान अडखळवायला?"

"ताई, तुम्हीच नाही का त्या दिवशी शेडमध्ये मला शिव्या देताना म्हणालात, चूक नसेल तर ते खरं नसतं? मग मी चूक टाकली. सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागला. चारदा लाइट गेली."

शेवटचा प्रयत्न म्हणून मी पार्टनरच्या समोर गेले. आवाज खाली आणला. "साहेब, तो एक नंबर खरा आहे. लोखंडाचा आहे. शेडमध्ये चला, हात लावून बघा, गार लागेल. मी परत गंज चढवते. जुन्यासारखा करते."

पार्टनरनी दोन्ही हात जोडले. "बेटी, तूने इतना अच्छा समझाया, कि अब मैं उसको हाथ भी लगाऊँ तो नकली लगेगा."

असा माझ्या लोखंडेचा निकाल लागला. त्याच्या विरोधात निलेश एक शब्द बोलला नाही. परमूदादा बोलले नाहीत. मला नंतर कळलं, की परमूदादांच्या मनात लोखंडेच होता, आणि पार्टनरने तर तोंडाने 'एक नंबर' म्हटलंच होतं. मी गप्प बसले असते, नुसती पापड खात बसले असते, तरी सहा रोबो माझे होते.

लोखंडे आता परमूदादांच्या दुकानाच्या दारात उभा असतो, जीन्स घालून. सणासुदीला हात वर करतो. लोक मोबाईलने त्याचा फोटो काढतात आणि म्हणतात, काय भारी प्लास्टिक आहे.

आणि निलेश? तो जिना उतरताना माझ्यामागे आला. "ताई, सहा रोबो करायचेत. मला गंज येत नाही. तुम्ही पत्र्यावर गंज करून द्याल का? मी फोटो काढून वापरतो." त्या दिवशी मी त्याला हो म्हटलं नाही. महिनाभराने म्हटलं. पिक्चर आला, शेवटी नावं आली, त्यात एका ओळीत लिहिलं होतं, 'गंज : करुणा'. थिएटरमध्ये तोपर्यंत झाडूवाला आत आला होता. त्याने वाचलं की नाही, माहीत नाही.

अजून हसू नका, शेवट राहिलाय. शेवट त्याच शुक्रवारचा आहे, परतीच्या रिक्षातला.

मी आणि पप्पा मागे बसलो होतो. मी आयुष्यात पहिल्यांदा रिक्षात गप्प होते. ड्रायव्हरने आरशातून दोनदा बघितलं, बहुतेक ओळखत असावा. अंबरनाथचा रस्ता लागल्यावर मी म्हटलं, "पप्पा, बँकेचा फॉर्म आणा. मी परीक्षा देते."

बाहेर एमआयडीसीच्या शेड मागे जात होत्या, दारांवर दसऱ्याचे वाळलेले हार अजून लटकत होते. मग पप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. चेहरा एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, उजेडात धरून बघावा तसा.

"तुझे ते सर काय म्हणायचे? खऱ्या वस्तूत एक तरी चूक असते?"

"हो."

"मग तू पास," पप्पा म्हणाले.